बाकामागचा उजेड

१

तपासणीच्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे टकटक आजोबा जिन्याच्या वळणावर मरून पडलेले सापडले, आणि तपासणी साहजिकच पुढे ढकलली गेली.

नवी तारीख पडली तेव्हा अग्निसुरक्षा खात्यातल्या तपासणीवाल्या बाई पुन्हा त्या इमारतीच्या फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. बाईंची नोकरीच अशी, की जातील तिथे त्या नकोशा असत. तोंडदेखलं हसू, पुढे केलेली खुर्ची, आणि पाठ वळली रे वळली की सुटकेचा निःश्वास. बाईंनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. आपण गेल्यावर चपलांची कपाटं, कुंड्या आणि मोडक्या सायकली पुन्हा वाटेत येऊन बसतात, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण तपासणीच्या दिवशी मात्र प्रत्येक इमारत भांग पाडून शाळेत निघालेल्या पोरासारखी दिसते. या नियमाला अपवाद त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

इमारतीचे सेक्रेटरी खाली वाट बघत होते. माणूस बडबड्या, पण आज चेहरा उतरलेला.

"मॅडम, जरा लवकर आटपलं तर बरं. तिसऱ्या मजल्यावर काय झालं ते कळलंच असेल तुम्हाला."

"आजोबा पडले म्हणे."

"पडले कसले!" सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. "सुनेनं ढकललं असं म्हणताहेत. उद्या सकाळी तिला चौकीत बोलावलंय. या खेपेला काही ती घरी यायची नाही. मुलीला तर आत्या आधीच घेऊन गेली. जाताना पोर जिन्यात इतकं रडलं, की आम्ही दारं लावून घेतली."

"ढकललं, हे कशावरून?"

"आजोबांना दिसायचं नाही. पण वरचा बोळ त्यांच्या हाताखालचा. घरातून निघायचं, उजवा हात भिंतीला लावायचा, जिन्याच्या तोंडाशी बाक आहे तिथवर यायचं. बाकाला हात लागला की बोटांनी दोनदा टकटक करायचं आणि बसायचं. म्हणून तर पोरं त्यांना टकटक आजोबा म्हणायची. आजींनी जिवंतपणी ठेवलेला बाक तो. लाकूड हाताला लागेस्तोवर जिना आलेला नाही, असं शिकवून गेल्या होत्या. आता बाक जागच्या जागी असताना तो माणूस बाक ओलांडून जिन्यावरून पडेल कसा? फौजदारांनी हेच विचारलं. आम्ही काय सांगणार, कपाळ?"

आग विझवायला असलेल्या लाल नळकांड्यांवरच्या तारखा बघत बाई जिना चढू लागल्या. पहिला मजला लख्ख. दुसरा मजला लख्ख. बोळात चिटपाखरू नाही. जिन्याच्या तोंडाशी, गुडघ्याच्या उंचीवर, अंधारात चमकणारा बाहेरच्या वाटेचा बाण चिकटवलेला.

"बाण नवे दिसताहेत."

"तुमच्या पहिल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळीच आणले. मजल्यामागे एक वाटून दिला. ज्यानं त्यानं आपापल्या मजल्यावर लावायचा. मी एकटा कुठे कुठे वाकणार?"

तिसऱ्या मजल्यावर मात्र बाई थबकल्या. जिन्याच्या तोंडाशी, भिंतीला पाठ लावून, अर्धी वाट अडवून तो बाक बसला होता. लाकडी, उभ्या पट्ट्यांच्या पाठीचा, हाताच्या टोकाशी झिजून गुळगुळीत झालेला. वर एक जुनी शाल घडी करून ठेवलेली.

"हा हलवला नाहीत?"

"या वेळी मुलगा ऐकेना. बाबांची आठवण आहे म्हणाला, हात लावाल तर बघा. अशा वेळी कोण वाद घालणार?"

"आणि मागच्या तारखेला? तेव्हा तर आजोबा होते. तेव्हाही हलवला नव्हता?"

"ते माहीत नाही बुवा. पण अपघातानंतर फौजदार आले तेव्हा बाक इथंच होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

तपासणीच्या दिवशी सगळी इमारत मोकळी आणि नेमकी हीच जागा भरलेली. बाईंना ते खड्यासारखं टोचलं. पण तेवढ्यावरून काय म्हणणार?

"बोळातले दिवे घालवा," त्या म्हणाल्या. "बाण चमकतात का ते बघू."

२

तिसऱ्या मजल्याच्या बोळाला खिडकी नव्हती. सेक्रेटरींनी बटण दाबलं आणि भर दुपारी तिथे मिट्ट काळोख झाला.

बाईंनी बाण शोधला. दिसेना. खालच्या मजल्यांवर जिथे होता तिथे इथे बाक होता. त्या बाकाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि डोळे अंधाराला सरावले. बाकावर कुणीतरी बसलं होतं. फिकट हिरवं, उभ्या रेघारेघांचं, पाठ टेकून बसल्यासारखं.

नोकरीत बाईंनी जळालेली घरं पाहिली होती. धुराने भरलेल्या बोळात चपलांच्या कपाटाला अडखळून पडलेली आई आणि तिच्या हातातलं मूल त्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसापासून त्या कुणाच्या कपाटाचं, कुणाच्या कुंडीचं काही ऐकून घेत नसत. भुताखेतांना घाबरायला त्यांना कधी सवड मिळाली नव्हती. तरी या क्षणी पाय जागचे हलेनात.

मग डोकं चालू लागलं. दार भरीव आहे की पोकळ, हे बाई नेहमी बोटांच्या सांध्यांनी वाजवून बघत. तीच सवय आत्ता आपसूक पुढे आली. त्यांनी हात लांबवला आणि बाकाच्या टोकावर दोनदा वाजवलं.

टक, टक.

डाव्या हाताच्या घरात भांडं पडलं. ते घरंगळत गेल्याचा आवाज आला. दार उघडलं, आतल्या उजेडात एक बाई उभी होती, केस सुटलेले, हात ओले.

"बाबा?" तिनं विचारलं.

सेक्रेटरींनी घाईघाईने दिवे लावले, आणि बाकावर घडी केलेल्या शालीशिवाय काही नव्हतं.

३

सुनेनं बाईंना आत बसवलं. स्वयंपाकघराचा ओटा चकचकीत होता. रडणाऱ्या बाईच्या हाताला काम लागतं, तसा घासूनघासून चकचकीत.

"रोज पहाटे वाजतं," ती म्हणाली. "अगदी त्यांच्यासारखं, दोनदा. मी उठून बघायला जात नाही. भीती वाटते. खरं सांगू? त्यांची नाही वाटत. ते विचारतील त्याची वाटते."

"काय विचारतील?"

"त्या दिवशी सकाळी मी त्यांच्यावर ओरडले होते." तिनं ओले हात पुन्हा पदराला पुसले. "थांबा, मी येते, हात धरून बाकापर्यंत नेते, म्हटलं. लादी पुसलेली होती, ओली होती. ते म्हणाले, मला काय पांगळा समजतेस? मग मीही चिडले. म्हटलं, जा मग, तुमचं तुम्ही बघा! हे खालच्यांनी ऐकलं. फौजदारांनाही सांगितलं. मी नाकारलं नाही. तेच माझं शेवटचं बोलणं झालं त्यांच्याशी."

"मग?"

"मग आवाज आला. धावले. ते खाली वळणावर पडले होते. कशी पोचले तेही कळलं नाही. इतर वेळी त्या बाकाचा कोपरा कमरेला लागल्याशिवाय मी कधी जिना उतरले नाही. हे बघा, कायमचा काळानिळा डाग आहे. त्या दिवशी मात्र काही आडवं आलं नाही. देवानंच वाट दिली म्हणायची. पण उपयोग काय? मी जाईपर्यंत सगळं संपलं होतं."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. आपण काय बोलून गेलो याचा त्या बिचारीला पत्ताही नव्हता.

"त्यानंतर तुम्ही पुन्हा वर आलात कधी?"

"संध्याकाळी. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन जिन्यातच बसले होते. गाडी आली तशी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. सेक्रेटरीही होते गाडीत. वर कोण येणार?"

समोरच्या घरात एक परिचारिका राहायची. तिला सगळे सिस्टर म्हणायचे. ती रात्रपाळी करून दिवसा झोपायची, त्यामुळे झोपमोड करणाऱ्या तपासणीवाल्या बाईंना तिनं दारातच उभं ठेवलं.

"बाकावरून माझी त्या घराशी वर्षानुवर्षं तणातणी होती, ते कळलं असेलच तुम्हाला," सिस्टर फणकाऱ्याने म्हणाल्या. "होती. माझ्या दारासमोर अर्धी वाट! पण म्हाताऱ्याचं मी काही वाईट चिंतलं नाही. माझं इंजेक्शन दुखत नाही, असं सांगणारा तो एकटाच भेटला मला आयुष्यात."

"बाण कुणी लावला तुमच्या मजल्यावर?"

"सेक्रेटरींनी माझ्या हातात कोंबला. मी कामावर निघाले होते. म्हणून समोरची बेल वाजवली आणि मुलाच्या हातात दिला. म्हटलं, बाबा रे, जमलं तर तो बाकही हलव, उद्या ती तपासणीवाली येतेय. माफ करा हं, असंच म्हणाले."

"असंच म्हणतात," बाई म्हणाल्या. "तेव्हा बाक होता?"

"होता की."

"आणि सकाळी?"

"सकाळी मी फाटकात शिरले तेव्हा गाडी निघतच होती. काय झालं ते तिथेच कळलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. तशीच वर आले, आणि हा मेला बाक! गुडघा असा आपटला, की अजून ठणकतोय."

"तेव्हा वर कोण होतं?"

"कोण असणार? सगळे खाली. मुलगा तेवढा भेटला जिन्यात, खाली येत होता. कामावरून बोलावून घेतला होता त्याला. घर बंद करायला वर गेलो होतो म्हणाला. बोलवत नव्हतं बिचाऱ्याला, धापा टाकत होता." सिस्टरांनी गुडघा चोळला. "आणि हो, पहाटेची टकटक मीही ऐकलीय. कामावरून येते तेव्हा, खालच्या जिन्यातून. मी तिथेच थांबते ती संपेपर्यंत. इतकी मरणं पाहिली मी, पण ती ऐकली की पाय उचलत नाही."

बाईंनी सेक्रेटरींना एवढंच सांगितलं, की फौजदारांना फोन करा, आणि मुलगा घरी आला की त्याला माझ्याकडे वर पाठवून द्या.

४

मुलगा आला तेव्हा बाई बाकावर बसलेल्या होत्या. त्याच्या हातात वकिलाकडच्या कागदांची पिशवी होती. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. बाईंना तिथे बसलेलं पाहून तो दचकला.

"बाकाचं मी सांगितलंय सेक्रेटरींना," तो म्हणाला. "दंड करायचा तर करा."

"दंडाचं नंतर बघू. एवढा बाक पुढे ओढायला मदत करता का?"

"कशाला?"

"मागे बाण आहे. अंधारात पाठीच्या पट्ट्यांमधून चमकतो. तपासायचाय."

तो जागचा हलला नाही. फौजदार तेवढ्यात जिना चढून आले होते. गडी धिप्पाड होता. त्यांनी एका हाताने बाक पुढे ओढला. भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीवर, नीट दाबून बसवलेला बाण होता.

"यात काय आहे?" फौजदारांनी विचारलं. "बाण तर सगळ्या मजल्यांवर आहे."

"सगळ्या मजल्यांवर आहे, पण बाकामागे फक्त इथंच आहे." बाई उठून उभ्या राहिल्या. "बाहेरची वाट दाखवणारा बाण कुणी बाकाच्या पाठीमागे लपवून लावतं का? आणि लावायचा म्हटलं तरी हात पोचणार नाही. हा चिकटवला तेव्हा इथे बाक नव्हता. बाण आला आदल्या संध्याकाळी. म्हणजे आजोबा पडले त्या सकाळी ही जागा रिकामी होती. तपासणी होती ना. सगळ्यांनी आपापली अडगळ हलवली, तशी इथलीही हलली."

"पण मी स्वतः बाक इथे पाहिला."

"परत ठेवलेला पाहिलात. आता या भिंतीला हात लावून चाला."

फौजदार चालले. बाईंनी बोट दाखवलं. बोळ संपतो तिथे भिंत संपत नव्हती. तीच भिंत, तोच गुळगुळीत रंग, जिन्याच्या कडेने तशीच खाली उतरत गेली होती.

"डोळे मिटले असते तर तुमच्या हाताला काय कळलं असतं?" बाई म्हणाल्या. "आजोबांना इशारा देणारी एकच वस्तू होती. लाकूड लागत नाही म्हणजे जिना अजून पुढे आहे, असं समजून ते चालत राहिले. कुणी ढकललं नाही त्यांना. सून धावत आली तेव्हा तिच्या कमरेला रोज लागणारा कोपराही लागला नाही. तुम्हाला तिनं ते सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं आहे हे तिलाच कळलं नव्हतं."

"मग परत ठेवला कुणी?"

"सून जिन्यातूनच गाडीत बसली. सेक्रेटरी तिच्याबरोबर होते. गाडी फाटकातून निघते आहे तोवर सिस्टर वर आल्या, तर त्यांचा गुडघा बाकावर आपटला. मधल्या वेळात वर एकच माणूस येऊन गेला. घर बंद करायला. आणि एका दाराला कुलूप घालून कुणी धापा टाकत नाही."

मुलाने पिशवी खाली ठेवली. मग तो बोलला, तेही बाईंकडे पाहून, फौजदारांकडे नाही.

"गच्चीच्या जिन्यात नेऊन ठेवला होता. एक दिवसाचा तर प्रश्न होता. बाबा झोपले होते. म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी कामाची घाई, ते उठले नव्हते, मी विसरलो. विसरलो हो! फोन आला, आलो, जिन्यात ते तसे. वर पाहिलं तर रिकामी जागा. सगळे खाली होते. मी काही ठरवून केलं नाही, हात आपोआप गेले. वाटलं, बाक जागेवर असला की झालेलं झालं नाही असं होईल."

"आणि मग फौजदारांनी विचारलं," बाई हळूच म्हणाल्या.

"विचारलं, की बाक असताना ते पडले कसे. तेव्हा बोलायला हवं होतं. आज बोलू, उद्या बोलू, असं करत राहिलो. मग ते हिला बोलवायला लागले, आणि आता बोललो तर... माझ्या बापाला मी मारलं, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"पहाटेची टकटकही तुमचीच ना?"

त्याने मान हलवली. "झोप लागत नाही. बाबांच्या खोलीत पडतो, तिथून उठून बाहेर येतो. दोनदा वाजवतो. त्यांना सांगतो, बाबा, आहे हो, बाक आहे जागेवर."

सिस्टरांच्या दाराच्या फटीतून हुंदका ऐकू आला.

५

सून केव्हा दारात येऊन उभी राहिली होती, कुणाच्या लक्षात आलं नाही. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पोरीला घेऊन ये म्हणावं आत्याला," फौजदार घसा खाकरून म्हणाले. "ताई, उद्या तुम्हाला यायची गरज नाही. यांना मात्र माझ्याबरोबर यावं लागेल."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"बाक हलवलात," ती म्हणाली, "ते मी समजू शकते. माझ्याही हातून झालं असतं. पण परत ठेवलात, आणि त्यावर मला बसवलंत. रोज पहाटे मी अंथरुणात डोळे मिटून त्यांची माफी मागत होते, आणि तुम्ही बाहेर उभे राहून वाजवत होतात. ते नाही समजू शकत."

तो काहीतरी बोलायला गेला. तिनं दार लावून घेतलं. जोरात नाही, अगदी हलकेच.

फौजदार त्याला घेऊन खाली गेले. सेक्रेटरी भिंतीला टेकून उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी चाचरत विचारलं, "मॅडम, आणि हा बाक? नियमात तर बसत नाही."

बाईंना जळक्या बोळातली ती आई आठवली. नियम खोटा नव्हता. वाट मोकळी हवी, तर हवीच. पण वाट मोकळी करा असं बजावताना, त्या वाटेवर कोण काय चाचपून चालतं, हे त्यांच्या खात्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्यांनीही नव्हतं.

"बाक घरात घ्या. सूनबाई सांगतील तिथे ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि जिना सुरू व्हायच्या आधी भिंतीला लाकडी पट्टी बसवून घ्या. हाताला लागेल अशी. सगळ्या मजल्यांवर. ती बसल्याशिवाय मी सही करणार नाही."

"पट्टी नियमात आहे?"

"नाही."

बाक आत गेला. राहिलेली तपासणी पुरी करायची म्हणून बाईंनी पुन्हा दिवे घालवायला सांगितले. आता बाण मोकळा होता. हिरवा, स्पष्ट, खालच्या दिशेने. काम झालं होतं, निघायला हरकत नव्हती. पण त्यांनी डोळे मिटले, उजवा हात भिंतीला लावला आणि हळूहळू चालू लागल्या. बोटं पुढे पुढे जात राहिली. भिंत होती, भिंत होती, अजूनही भिंतच होती. त्या थांबल्या. पुढचं पाऊल टाकायचं धाडस त्यांना होईना.

"सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "दिवे लावा."